स्मृति हेंच वतन

आपल्या भाषेंत 'स्मृति' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आठवण, आणि दुसरा मनु-याज्ञवल्क्यादिकांचें धर्मशास्त्र. श्रुति म्हणजे ऐकलेलें आणि स्मृति म्हणजे आठवलेलें, असें आम्ही पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. परंतु आठवण आणि आज्ञा या दोहोंस पूर्वजांनीं एकच शब्द कां योजिला असावा, याचा विचार आम्हांस उतारवयांत, आणि तोहि एका दूरच्या लोकांचा इतिहास वाचतांना सुचला. ते लोक म्हणजे यहुदी. त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथांत 'आठवण ठेवणें' या अर्थाचा धातु निरनिराळ्या रूपांनीं दीडशेंहून अधिक वेळां आला आहे. आठवण ही त्यांच्या लेखीं मनांत येईल तेव्हां उठणारी लहर नव्हे. स्नानसंध्येप्रमाणें ती ठरल्या वेळीं करावयाची गोष्ट आहे. दोन-अडीच हजार वर्षें देशोदेशीं विखुरलेलें हें राष्ट्र नष्ट कां झालें नाहीं, याचें मर्म या एका धातूंत आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

हा विषय आज काढण्यास कारणहि आहे. आपल्या घरांची आजची स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. एकत्र कुटुंब हा शब्द आपण अजून वापरतों. परंतु एक मुलगा बंगळुरास, दुसरा अमेरिकेंत, मुलगी सिंगापुरास, आणि वाड्याच्या जागीं उठलेल्या इमारतींत म्हातारा-म्हातारी, असें चित्र पुष्कळ घरीं दिसतें. श्राद्धाची तिथि दूरध्वनीवरून विचारली जाते. आपलीं मुलें कोणी हाकलून दिल्यामुळें गेलेलीं नाहींत. विद्या आणि द्रव्य यांसाठीं राजीखुशीनें गेलीं आहेत, आणि त्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. तथापि गांव सुटल्यावर, भाषा विरळ झाल्यावर आणि वडील माणसें गेल्यावर कुळाचें म्हणून काय उरतें, हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येक घरापुढें येणार. ज्यांस तो शतकानुशतकें, आणि तोहि तरवारीच्या धाकाखालीं, सोडवावा लागला, त्यांच्याकडे पाहणें उपयोगाचें होईल.

यहुदी लोकांचें राज्य पश्चिम आशियांतील एका चिंचोळ्या प्रदेशांत होतें, आणि यज्ञबलीचें त्यांचें मुख्य मंदिर यरुशलेम नगरीं होतें. आपल्याकडे गांवोगांव देऊळ. एक पडलें तरी दुसरें उभें असतें. त्यांचें तसें नव्हतें. इ.स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजानें तें मंदिर जाळलें आणि पुष्कळ लोकांस धरून आपल्या देशीं नेलें. पुढें इराणच्या सायरस राजानें त्यांस परत जाण्याची मोकळीक दिली आणि मंदिर पुन्हां उभें राहिलें. इ.स. ७० मध्यें टायटसच्या हाताखालील रोमन सैन्यानें तेंहि उद्ध्वस्त केलें. मंदिरांतील सात फांद्यांचा दीप विजयी मिरवणुकींत वाहून नेला जात आहे, असा देखावा रोम येथील टायटसच्या कमानीवर कोरलेला आजहि पाहावयास मिळतो. जेत्यांनीं आपली आठवण दगडांत कोरून ठेविली. जितांस ती ठेवण्यासाठीं दुसरी जागा शोधावी लागली.

आख्यायिका अशी आहे कीं, यरुशलेमला वेढा पडला असतां योहानान बेन झक्काई नांवाचे वृद्ध पंडित प्रेताचें सोंग घेऊन शवपेटींतून नगराबाहेर पडले, रोमन सेनापतीस भेटले, आणि याव्ने नामक लहानशा गांवीं विद्वानांसह राहूं द्यावें, एवढेंच त्यांनीं मागितलें. आख्यायिकेचा तपशील कसाहि असो. याव्ने येथें पाठशाळा चालली, ही गोष्ट इतिहासास मान्य आहे. तेथून पुढें यज्ञाच्या जागीं प्रार्थना आणि अध्ययन आलें, पुरोहिताच्या जागीं शिक्षक आला, आणि मंदिराचा बराचसा भार घरानें उचलला. आम्हीं जन्मभर शिक्षकी केली असल्यामुळें या कथेकडे आमचें मन अंमळ अधिक ओढतें, हें आम्ही लपवीत नाहीं.

घराच्या जोडीस एक वार होता. आठवड्याचा सातवा दिवस, ज्यास ते शब्बाथ म्हणतात, तो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्रीं तारे दिसेपर्यंत पाळावयाचा. त्या दिवशीं धंदा नाहीं, विस्तव पेटविणें नाहीं, लिहिणें नाहीं, पैशास हात लावणें नाहीं. शुक्रवारीं दिवेलागणीपूर्वीं गृहिणी दिवे लावते आणि तेथून तो दिवस सुरू होतो. हा वार मंदिराहून जुना आहे. परंतु मंदिर गेल्यावर त्याचें मोल फार वाढलें. मंदिर एका जागीं असतें. वार बगदादेसहि येतो आणि तोलेदोसहि येतो. राजाच्या मनांत आलें तर तो जमीन घेईल, घर घेईल. शनिवार हिरावून घेणें मात्र त्यास जड जातें.

घरांत या लोकांनीं आठवणीच्या खुणा कशा रुजविल्या, हें आपल्या गृहिणींनीं अवश्य पाहण्यासारखें आहे. नवें घर बांधिलें तर दारासमोरच्या भिंतीवर सुमारें एक हात चौरस जागा गिलावा न करतां तशीच सोडावी, असा जुना दंडक आहे. मंदिर पडलेलें असतां आपलें घर मात्र पूर्ण सजलें असें होऊं नये, हा त्याचा हेतु. लग्नांत ऐन आनंदाच्या वेळीं वर पायाखालीं कांचेचा पेला फोडतो; त्याचें कारणहि तेंच सांगतात. वसंत ऋतूंत पेसाह नांवाचा सण येतो. पूर्वज मिसर देशांतील दास्यांतून सुटले, त्याची ही आठवण. त्या रात्रीं जेवणांत बेखमीर रोटी असते, कारण पळतांना पीठ आंबण्यास वेळ नव्हता; कडू पाला असतो, तो दास्याचा; मिठाचें पाणी असतें, तें आसवांचें; आणि फळें व सुकामेवा वाटून केलेलें दाट चाटण असतें, तें पूर्वजांनीं मळलेल्या चिखलाचें. घरांतील सर्वांत लहान मुलानें आजची रीत वेगळी कां, असे चार प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं सारी हकीकत सांगावयाची. तीहि दुसऱ्या कोणाची म्हणून न सांगतां, आपण स्वतःच तेथून सुटून आलों, अशा भावनेनें. प्रश्न मुलाच्या तोंडून यावा आणि उत्तर त्याच्या जिभेवर उतरावें, याहून चांगली पाठपद्धति आमच्या पाहण्यांत नाहीं.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पूर्वजांचा मोठेपणा आठवणें सर्वांसच आवडतें. आपणहि पेशवाई आठवतों, घराण्यांतील दशग्रंथी आठवतों. या लोकांनीं आपल्या पूर्वजांचें दास्य आठवण्याचा सण केला. आणि त्या आठवणीस त्यांच्या धर्मशास्त्रानें एक कर्तव्य जोडून दिलें आहे: तुम्ही परदेशीं उपरे होतां, म्हणून तुमच्या दारीं आलेल्या उपऱ्यास छळूं नका. स्वतःच्या दुःखाच्या आठवणीनें माणूस कठोर होतो किंवा कोमल होतो. शास्त्रानें दुसरी वाट सांगितली आहे. तिच्यानें चालणें कोणत्याहि राष्ट्रास सोपें गेलेलें नाहीं, हेंहि खरें.

त्यांचें पंचांग आपल्यासारखेंच चंद्र आणि सूर्य या दोघांस सांभाळणारें आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ते ऋतु जुळवून घेतात. आब महिन्याच्या नवव्या दिवशीं दोन्ही मंदिरांच्या नाशाचा उपास असतो. त्या दिवशीं अन्नपाणी वर्ज्य, आणि जमिनीवर वा ठेंगण्या आसनावर बसून विलापगीतें म्हणावयाचीं. व्यक्तीचें स्मरणहि तिथीनेंच होतें. आईबापांच्या मृत्युतिथीस अहोरात्र एक दिवा तेवत ठेवितात, आणि मृत्यूनंतर अकरा महिने पुत्र 'कद्दीश' नांवाची प्रार्थना नित्य म्हणतो. ही प्रार्थना अरमाइक भाषेंत असून तींत मृत्यूचा उल्लेखहि नाहीं; आहे तें केवळ ईश्वराचें स्तवन. रूढ रीतीप्रमाणें ती म्हणण्यास दहा प्रौढ पुरुष एकत्र असावे लागतात. म्हणजे बापाची आठवण करावयाची तर शेजारी हवेत, समाज हवा. एकट्यानें कोंडून घेऊन करावयाची ती गोष्ट नव्हे.

कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक योसेफ हायिम येरुशल्मी यांनीं १९८२ सालीं 'झाखोर', म्हणजे 'आठवण ठेव', या नांवाचा एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. इतकी आठवण ठेवणाऱ्या या लोकांनीं पहिल्या शतकांतील जोसेफसनंतर कित्येक शतकें इतिहास असा फारसा लिहिलाच नाहीं, असें त्यांनीं दाखविलें आहे. सनावळीपेक्षां त्यांचा विश्वास सणावर होता. आपल्या देशासहि हें वर्णन बरेंच लागू पडतें. मात्र लिहिलेला कागद टाकून देणें त्यांस मानवत नसे. ईश्वराचें नांव असलेला कागद नष्ट करूं नये, म्हणून जीर्ण कागद प्रार्थनामंदिरांतील एका कोठडींत ठेवीत. आपण जीर्ण पोथी नदीस देतों. तिची गति पाण्यांत. त्यांची कोठडी मात्र कधीं कधीं पुन्हां उघडते. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या अशाच कोठडींतून सॉलोमन शेख्टर या पंडितानें १८९६-९७ सालीं दोन लाखांच्या जवळपास तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत धर्मग्रंथ आहेत, तसेच व्यापाऱ्यांचे हिशेब, लग्नाचे करार, आणि लहान मुलांनीं अक्षरें गिरविलेलीं पानेंहि आहेत. बाराव्या शतकांत मंगळुरास राहून पितळी भांड्यांचा कारखाना चालविणाऱ्या अब्राहम बेन यिजू नांवाच्या यहुदी व्यापाऱ्याचीं पत्रें त्यांतच सांपडलीं. आठशें वर्षांपूर्वींच्या त्या मुलांचीं वेडींवांकडीं अक्षरें टिकलीं, हें ऐकून ज्या मास्तराचा ऊर भरून येणार नाहीं तो मास्तर कसला?

कोलंबस ज्या वर्षीं समुद्रावर निघाला, त्याच १४९२ सालीं स्पेनच्या फर्डिनंड-इझाबेला या राजाराणीनें आज्ञापत्र काढलें कीं, जे यहुदी ख्रिस्ती होणार नाहींत त्यांनीं जुलैअखेर देश सोडावा. जे निघाले त्यांतील पुष्कळांस तुर्कांच्या राज्यांत आश्रय मिळाला. सालोनिका बंदरांत ते इतके वसले कीं, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तें बंदर शनिवारीं बंद असे. ज्या देशानें हाकलून दिलें त्याचीच जुनी स्पॅनिश भाषा ते चारशें वर्षें घरांत बोलत राहिले. १९४३ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत जर्मनांनीं त्या एका शहरांतून चाळीस हजारांहून अधिक यहुद्यांस आगगाडीनें ऑश्विट्झच्या छावणीकडे नेलें. बहुतेक सारे तेथें मारले गेले. बंदरावर शनिवार पाळणारें कोणी उरलें नाहीं.

१९३९ ते १९४५ या युद्धकाळांत युरोपांत सुमारें साठ लाख यहुदी मारले गेले. हा आंकडा आपण वाचतों आणि पुढें जातों, कारण साठ लाख माणसें डोळ्यांपुढें येत नाहींत. आमच्या डोळ्यांपुढें तीन माणसें आलीं. तीं पोलंडांतील वॉर्सा शहरचीं. जर्मनांनीं तेथील यहुद्यांस १९४० च्या नोव्हेंबरांत एका भिंतीआड कोंडलें. चार लाखांहून अधिक माणसें तींत होतीं. एमानुएल रिंगेलब्लूम नांवाचा इतिहासाचा शिक्षक त्यांत होता. आपण राहूं किंवा न राहूं, येथें काय घडलें तें आपल्याच हातानें लिहून ठेविलें पाहिजे, अशा निश्चयानें त्यानें माणसें जमविलीं. तीं शनिवारीं भेटत, म्हणून त्या गुप्त मंडळाचें नांव पडलें 'ओनेग शब्बेस', म्हणजे शब्बाथाचा आनंद. त्यांनीं दिनचर्या जमविल्या, शाळकरी मुलांचे निबंध जमविले, शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, भिंतींवरचीं जाहीर फर्मानें, मिठाईचे कागदसुद्धां जमविले.

१९४२ च्या जुलैच्या अखेरीस माणसें मृत्युछावणीकडे नेण्याचा सपाटा सुरू झाला. तेव्हां ३ ऑगस्ट रोजीं इस्राएल लिख्टेनश्टाइन या शाळामास्तरानें दावीद ग्राबर आणि नाखुम ग्झिवाच या आपल्या दोन विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन, तोपर्यंत जमलेले कागद दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून शाळेच्याच तळघरांत पुरले. ग्राबर एकोणीस वर्षांचा होता. तिघांनींहि पेटींत आपापलें मृत्युपत्र ठेविलें. तिघांपैकीं एकहि वांचला नाहीं. रिंगेलब्लूम यासहि १९४४ च्या मार्चांत बायकोमुलासह ठार करण्यांत आलें. मंडळाच्या सुमारें साठ माणसांतून तिघेंच राहिलीं. त्यांनीं दाखविलेल्या जागीं खणतां १९४६ च्या सप्टेंबरांत त्या पेट्या सांपडल्या. दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्यें भरलेला दुसरा ठेवा १९५० च्या डिसेंबरांत निघाला. तिसरा मिळालाच नाहीं. युद्धांत पराक्रम करणाऱ्यांचे धडे आम्हीं मुलांस पुष्कळ शिकविले. बाहेर माणसें ओढून नेली जात असतां मास्तर आणि त्याचे दोन विद्यार्थी तळघरांत कागद पुरीत आहेत, याची गणना कोणत्या रसांत करावी, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

यरुशलेम येथें 'याद वाशेम' ही स्मारकसंस्था १९५३ सालीं कायद्यानें स्थापन झाली. मेलेल्या प्रत्येकाचें नांव, गांव, आईबाप हीं टिपून ठेवावयाचीं, हें तिचें एक मोठें काम. चाळीस लाखांहून अधिक नांवें तेथें जमलीं आहेत. राखेचा पत्ता नाहीं, तेथें निदान नांव तरी असावें, अशी ही धडपड आहे. ज्या घरांत कोणी नांव सांगण्यास उरलें नाहीं, त्यांचीं नांवें अद्याप रिकामीं आहेत.

वॉर्सा येथील लोकांपाशीं निदान कागद आणि शाई होती. ज्यांच्यापाशीं तीहि नव्हती, अशी याच लोकांची एक शाखा आपल्या अगदीं शेजारीं, कोंकणांत राहत आली आहे. त्यांस आपण बेने इस्राएल म्हणतों. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवपाशीं फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. कोणत्या शतकांत हें घडलें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. इ.स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत सुरू झालेला हनुक्का हा सण त्यांस ठाऊक नव्हता, यावरून आपले पूर्वज त्याआधींच निघाले असें ते स्वतः मानीत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत त्यांचें रक्त पश्चिम आशियांतील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही उगमांचें असल्याचें आढळलें.

हे लोक कोंकणांत तेलाचा घाणा चालवीत. बोलत मराठी, पोशाख मराठी, आडनांवें गांवांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर. हिब्रू भाषा ते विसरले. उरलें काय? मुलाची आठव्या दिवशीं सुंता, खवले नसलेला मासा न खाणें, 'शेमा' ही एक प्रार्थना, आणि शनिवार. त्या दिवशीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गांवानें त्यांस 'शनिवार तेली' असें नांव दिलें. पुढें दावीद रहाबी नांवाचा एक यहुदी तेथें आला आणि त्यानें त्यांच्या बायकांपुढें नाना जातींचे मासे ठेविले, तेव्हां त्यांनीं पर आणि खवले असलेले तेवढे निवडून घेतले; त्यावरून त्यानें आपलीं माणसें ओळखलीं, अशी कथा ते सांगतात. समुद्रानें ग्रंथ नेले; पण बायकांच्या हातांतील निवड नेली नाहीं.

त्यांच्या सणांचीं जुनीं नांवें ऐकलीं म्हणजे स्वयंपाकघरानें काय काय सांभाळलें तें दिसतें. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून बसत, म्हणून तो दारफळणीचा सण. आणि मंदिराच्या नाशाचा जो उपास वर सांगितला, त्याचें नांव बिरड्याचा रोजा. कारण तो वालाच्या बिरड्यानें सोडावयाचा. यरुशलेमच्या मंदिराची आठवण कोंकणांत सोललेल्या वालांबरोबर वाढली जात होती! पुढें त्यांनीं हरवलेली विद्याहि परत मिळविली. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. मुंबईच्या डेव्हिड ससून विद्यालयाचे मुख्याध्यापक जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें केलीं. १८८० च्या सुमारास त्यांच्यांत मराठी कीर्तनें सुरू झालीं. आख्यान अब्राहमाचें वा मोशेचें, आणि थाट आपल्या हरिदासांचा. पेसाहच्या रात्रीं वाचावयाची पोथी १८७४ सालीं पुण्यांत हिब्रू आणि मराठी अशी छापली गेली. तींतील चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर रोटी करीत आहेत.

नोकरीच्या आरंभीं कांहीं वर्षें आम्हीं अलिबाग तालुक्यांत काढलीं. शेजारीं एक इस्राएल कुटुंब होतें. घरांतील आजी शुक्रवारीं सायंकाळीं पेल्यांत पाणी व तेल घालून वात लावीत आणि शनिवारीं चुलीस हात लावीत नसत. आमच्या मातोश्रींनीं एकदां त्यांस विचारलें, "हें सारें तुमच्या पोथींत लिहिलेलें आहे का हो?" आजी म्हणाल्या, "पोथीचें मला काय ठाऊक, बाई? सासूबाई करीत, म्हणून मी करतें. त्यांच्या सासूबाई करीत, म्हणून त्या करीत." त्या वेळीं आम्हांस हें उत्तर अडाणीपणाचें वाटलें नाहीं आणि आज तर मुळींच वाटत नाहीं. पोथी समुद्रांत गेल्यावर ज्या एका साखळीवर सारी भिस्त होती, तिची एक कडी आमच्या ओटीवर बसून बोलत होती.

गांवानें या लोकांस त्रास दिला नाहीं, ही आपल्या देशास भूषणाची गोष्ट आहे आणि ते स्वतः ती कृतज्ञतेनें सांगतात. परंतु आपण त्यांस तेली म्हणून एका पायरीवर बसविलें, आणि शनिवार कां पाळतां, असें कोणा शास्त्रीपंडितानें घाण्याशीं जाऊन विचारल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं. विद्या आपल्या घरीं होती. जिज्ञासा उंबरठ्याबाहेर पडली नाहीं. शेजाऱ्याची स्मृति आपण जाणून घेतली असती, तर आपल्याच प्रांताचा इतिहास आपणांस अधिक कळला असता.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झालें आणि हे लोक हळूहळू तिकडे गेले. १९५१ च्या शिरगणतींत भारतांत सर्व मिळून सुमारें २६,००० यहुदी होते; आतां ते ५,००० च्या आसपास आहेत. ज्या भूमीची आठवण इतकी जपली, तेथें पोंचल्यावर त्यांच्याच यहुदीपणाविषयीं शंका घेण्यांत आली. लग्नापूर्वीं त्यांचें मूळ तपासावें, असा तेथील धर्मपीठाचा दंडक निघाला. त्यांनीं सत्याग्रह केला, आणि १९६४ सालीं ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असें मान्य करण्यांत आलें. तेथेंहि ते मंगलकार्यांत पोहे, गूळ आणि खोबरें यांचा मलिदा करतात, आणि 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकहि त्यांनीं तेथें काढिलें. येथें असतां यरुशलेम आठवीत होते. तेथें जाऊन कोंकण आठवूं लागले. इकडे रायगड जिल्ह्यांतील जुन्या प्रार्थनामंदिरांतून दहा पुरुष जमविणें कठीण झालें आहे.

या साऱ्यांतून आपण घ्यावयाचें काय? आम्ही असें म्हणत नाहीं कीं, जुनें तें सारें धरून बसावें. या लोकांनींहि तसें केलें नाहीं. भाषा बदलली, पोशाख बदलला, यज्ञ गेला. त्यांनीं थोडेंच धरलें, परंतु तें ठरल्या वेळीं आणि घरांत धरलें. आठवड्यांतील एक ठराविक वेळ, ताटांतील एक ठराविक पदार्थ, आणि मुलानें विचारलेला एक प्रश्न: एवढ्या तीन खुंट्यांवर त्यांनीं हजारों वर्षांचें ओझें टांगलें. सारें कोणी तरी ग्रंथांत लिहून ठेविलें आहे, म्हणून आपण निश्चिंत राहतों. पण ग्रंथ कपाटांत असतो आणि मूल अंगणांत असतें. तेव्हां परदेशीं असलेल्या मुलांस आठवड्यांतून एका ठरल्या वेळीं घरची एक हकीकत सांगावी. तींत वाड्याची श्रीमंती असूं द्या. त्याबरोबर आजोबांनीं वारावर जेवून विद्या केली तेंहि असूं द्या, बालविधवा आत्याचें काय झालें तेंहि असूं द्या, आणि आपल्या घरानें कोणास दाराबाहेर उभें केलें तेंहि असूं द्या.

श्राद्धांत आपण तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारतों. भटजी विचारतात आणि वडील सांगतात. वडिलांच्या माघारीं तीं कोण सांगणार? एका वहींत घरांतील प्रत्येकाचें नांव, गांव आणि जन्मस्थळ लिहावें. बायकांचीं नांवें लिहितांना लग्नापूर्वींचें नांवहि अवश्य लिहावें. कारण पणजीचें माहेरचें नांव ठाऊक असलेलें माणूस आतां बहुतेक घरीं एखादेंच उरलें असेल. तें माणूस आज घरांत असेल, तर आजच त्यास विचारावें.